कुलूप लावण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अहिल्यानगर जिल्ह्यातील आणि आसपासच्या खेड्यांतील जुनी ख्रिस्ती मंदिरे एकेक करून बंद होत आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत 1813 साली सुरू झाले, नगरला 1831 साली आले आणि तिथून वाड्या-वस्त्यांत पसरले. पुढे 1876-78 च्या दुष्काळानंतर कित्येक गावांत मंडळ्या, म्हणजे गावागावातले ख्रिस्ती उपासकांचे समूह, उभ्या राहिल्या आणि दगड-चुन्याची, कौलारू छपराची छोटी मंदिरे बांधली गेली. 1972 च्या दुष्काळात माणसे पुण्या-मुंबईकडे गेली, पुढच्या पिढ्या तिकडच्याच झाल्या. आता एका पाळकसाहेबांकडे चार-पाच गावे असतात, नाताळला दिवा लागतो आणि एरवी दार बंद. शेवटी कधीतरी एक निरोपाची उपासना होते, गावाबाहेर गेलेली घराणी गाड्या करून येतात, पायरीवर फोटो काढतात आणि संध्याकाळी कुलूप लागते.

त्या उपासनेबद्दल आमचे काही म्हणणे नाही, ती व्हावीच. प्रश्न तिच्या आधीच्या तीन-चार महिन्यांचा आहे. मंदिर बंद करणे हे एका दुपारचे काम समजले जाते आणि नुकसान तिथेच होते. इमारत कुलूप लावूनही दहा-वीस वर्षे उभी राहते. कपाटातले दप्तर मात्र एका पावसाळ्यात जाते. म्हणून सुरुवात दप्तरापासून करावी.

बहुतेक मंडळ्यांत तीन वह्या असतात: बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि दफनाची. सभासदांची वही, पंचांच्या सभेचे इतिवृत्त आणि वर्गणीची वही ही आणखी तीन, पण यांची कोणी आठवण काढत नाही. बाप्तिस्म्याच्या वहीत तारीख, जन्मतारीख, आई-बापाचे नाव, गाव, बापाचा धंदा आणि बाप्तिस्मा देणाऱ्याची सही असते. जुन्या वह्यांत आडनाव पुष्कळदा नसते. नाव, बापाचे नाव आणि गाव, एवढ्यावर माणूस ओळखावा लागतो. त्यामुळे आजचे आडनाव घेऊन वहीत शोधायला बसलेला नातू हात हलवत परत जातो. पणजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव व मूळ गाव हातात असेल तर तीच नोंद दहा मिनिटांत सापडते. काही पानांवर मोडी शेरे असतात. ते वाचता येत नाहीत म्हणून ती पाने बिनकामाची समजू नयेत. मोडी वाचणारी माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी आजही भेटतात.

या वह्यांचा उपयोग नुसता आठवणींपुरता नाही. 1969 चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा लागू होण्याआधी खेड्यातला जन्म कोतवाल बुकात नोंदला जाई आणि तिथे बहुधा 'अमुक यास मुलगा झाला' एवढेच असते, मुलाचे नाव नसते. बाप्तिस्म्याच्या वहीत नाव असते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की तारीख, बाप आणि नाव जुळते. वारसाच्या कामात, निवृत्तिवेतनात, जन्मतारखेच्या वादात हा जोड पुरावा उपयोगी पडतो. अनुसूचित जातींतून धर्मांतरित झालेल्या ख्रिस्ती कुटुंबांना महाराष्ट्रात इतर मागास वर्गाचा दाखला मिळतो. त्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा विचारला जातो. ज्यांच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यांच्यासाठी मंडळीची वही हाच कित्येकदा एकमेव आधार उरतो.

दुसरी प्रत कुठेतरी असेलच, असे अनेक जण धरून चालतात. ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न व दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण त्यात मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबे आहेत. अमेरिकन मिशनची कागदपत्रे हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, पण ती पत्रे आणि अहवाल आहेत. तिथे गावाचे नाव सापडेल, कामाची हकीकत सापडेल, पण तुमच्या आजीच्या बाप्तिस्म्याची ओळ तिथे सापडेल अशी आशा धरू नये. खेड्यातल्या मराठी मंडळीपुरते बोलायचे तर कपाटातली वही ही एकुलती एक प्रत आहे, असेच समजून वागावे.

आता प्रत्यक्ष काम. हे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. पावसाळी हवेत पाने एकमेकांना चिकटलेली असतात आणि उलगडताना पृष्ठभागच निघून येतो. वही उघडण्याआधी मऊ, कोरड्या ब्रशने बाहेरची धूळ झाडावी. शिवण पाहावी. वही पूर्ण सपाट उघडण्याचा हट्ट धरला की जुनी शिवण तुटते. दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल ठेवून ती अर्धीच उघडी राहू द्यावी. फोटो खिडकीजवळ, सावलीतल्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढावेत. फोन पानाला समांतर हवा. तो तिरका धरला तर वरच्या ओळी बारीक आणि खालच्या मोठ्या येतात. एकाने पान उलटावे, दुसऱ्याने फोटो घ्यावा. मुखपृष्ठ, आतली पुठ्ठ्याची बाजू, कोरी पाने, मध्ये ठेवलेल्या चिठ्ठ्या, सगळे घ्यावे आणि पहिल्या फोटोत मोजपट्टी ठेवावी. चिठ्ठी ज्या पानात सापडली त्याच पानात परत ठेवावी, कारण बऱ्याचदा ती त्या नोंदीचा खुलासा असते. तीनशे उघडी पाने एका सकाळी होतात. घाई करून वही घरी नेण्याची गरज नसते, आणि घरी नेलेली वही परत येत नाही.

ज्या 'दुरुस्त्या' हमखास केल्या जातात त्यांनीच वह्या मरतात. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते, तिचा डिंक कागदात मुरतो आणि अक्षर झाकते. लॅमिनेशन केलेले पान पुन्हा मोकळे करता येत नाही. जुनी काळी शाई आम्लधर्मी असेल तर ती कागद खात असते, अक्षराच्या रेषेवरच भोके पडतात. अशी पाने हाताळणे कमी करणे हाच उपाय. प्लॅस्टिकच्या पिशवीत वही घट्ट बांधली की ओल आत कोंडते आणि बुरशी धरते. स्वच्छ धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून लोखंडी कपाटात, भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वर ठेवावी. लाकडी कपाट मंदिराच्या भिंतीला टेकलेले असेल तर वाळवी मागून येते आणि समोरून काहीच दिसत नाही. भिजलेली वही उन्हात टाकू नये. पंख्याखाली उभी ठेवून पानांत कोरा टीपकागद घालत, बदलत वाळवावी. छापील वर्तमानपत्र घालू नये, त्याची शाई उमटते.

लग्नाच्या वहीचे नियम वेगळे आहेत. ती 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालची वही आहे, कोणाच्या घरची किंवा मंडळीचीही खासगी चीज नाही. भरलेली वही विवाह निबंधकाकडे आणि तिथून महानिबंधकाकडे जायची असते. न भरलेली, बदलून जाणाऱ्या पाळकांनी त्यांच्या जागी येणाऱ्याच्या स्वाधीन करायची असते. मंदिर बंद होताना नेमकी ही साखळी तुटते, कारण जागी येणारा कोणी नसतो. ज्या मंडळीत गाव जोडले जात आहे तिथल्या पाळकसाहेबांना ती सही घेऊन द्यावी, पोचपावतीवर शेवटच्या नोंदीचा क्रमांक लिहावा. बाप्तिस्मा आणि दफनाच्या वह्यांत शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ ओढून 'यापुढे नोंद नाही' असे लिहावे, तारीख आणि दोन सह्या कराव्यात. हे केले नाही तर खालच्या कोऱ्या ओळींत मागाहून कोणीही काहीही लिहू शकतो आणि मग खऱ्या नोंदींवरचाही विश्वास उडतो.

फोटोंच्या प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. त्यातली किमान एक दुसऱ्या गावात असावी. मात्र ही पाने व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत, ही कळकळीची विनंती. या वह्यांत जुन्या जातीचा उल्लेख असतो, कोणाच्या बापाचे नाव कोरे असते, इतिवृत्तात कोणाला मंडळीतून काढल्याची कारणे असतात. ती माणसे गेली, पण त्यांची नातवंडे त्याच गटात आहेत. ज्याला ज्याची नोंद हवी त्याला तेवढ्याच नोंदीचा फोटो द्यावा.

दप्तरात बसत नाही अशी एक गोष्ट आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती म्हणजे चाली. मराठी मंडळ्यांची गीते पुष्कळशी ओवी, अभंग, भजनाच्या वळणाची आहेत. नारायण वामन टिळकांनी (1861-1919) हे वळण पक्के केले. गीतांच्या पुस्तकात शब्द असतात, कधी राग किंवा चालीचे नाव असते. पण गावोगाव ती चाल वळलेली असते. एका गावात धृपद दोनदा, शेजारच्या गावात तीनदा, कुठे शेवटची ओळ बायका एकट्या उचलतात. हे कुठेच लिहिलेले नाही. मंदिर बंद झाले की ती माणसे शहरातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांत विखुरतात आणि तिथल्या चालीत मिसळून जातात.

म्हणून निरोपाच्या उपासनेआधी एक दुपार फक्त गाण्यासाठी काढावी. ध्वनिमुद्रण मंदिरातच करावे, कारण तिथल्या घुमण्याला धरूनच लोक श्वास घेत आले आहेत. फोनचे विमान मोड चालू ठेवावे, पंखा बंद. पेटी असेल तर पहिल्यांदा नुसता सूर धरावा आणि तोंडाने सांगावे: काळी एक की पांढरी चार. मग गीताचा पहिला शब्द, गाव, तारीख. पूर्ण गीत गायले जाऊ द्यावे, दोन कडव्यांवर थांबवू नये, कारण चालीतला फरक पुष्कळदा शेवटच्या कडव्यातच येतो. म्हाताऱ्या माणसांना त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसवावे. 'मंदिराबद्दल काही सांगा' असे विचारले की भाषण होते. 'घंटा कोण वाजवायचे, दोर कुठून यायचा, हंगामाच्या सणाला धान्य कुठे रचायचे, घरोघरी पवित्र शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबलबाई कोणत्या दारी बसून वाचायच्या, पुरुष कोणत्या बाजूला बसत' असे विचारले की आठवण आपोआप बाहेर येते. बोट दाखवून सांगतात तेव्हा त्या जागेचाही फोटो घ्यावा.

आता वस्तू. सर्वांत जास्त धोका घंटेला आहे. ती काशाची असते, म्हणजे ढोबळमानाने चार भाग तांबे आणि एक भाग कथील, आणि भंगारवाल्याला ती किलोवारी दिसते. घंटेच्या खांद्यावर किंवा कंबरेवर ओतणाऱ्याचे नाव आणि साल उठावाच्या अक्षरांत असते. तोंडाचा व्यास मोजला की वजनाचा अंदाज येतो: 18 इंची घंटा साठ-सत्तर किलोच्या आसपास, 24 इंची दीडशेच्या आसपास. सहा इंच वाढले की वजन दुपटीहून जास्त होते, हे उतरवताना लोक विसरतात. घंटा फुटते ती पडूनच, असे नाही. झुलवण्याचा सांगाडा गंजला की लोक दोर थेट लोलकाला बांधतात आणि ओढून ओढून वाजवतात. मग लोलक कडेला एकाच जागी आपटतो, वाजल्यावर सुटून मागे येत नाही, आणि काही वर्षांत तिथे चीर जाते. चीर गेलेल्या घंटेचा आवाज भांड्यासारखा बद्द येतो. तशी घंटा निरोपाच्या दिवशी जोरात वाजवू नये, चीर वर चढते. उतरवायची असेल तर एक टनी चेनब्लॉक (वजन उचलायची साखळीची कप्पी), कापडी पट्टा आणि खाली जुने टायर लागतात. साखळी कडेला लावू नये, पट्टा डोक्यावरच्या कड्यांतून जावा. आधी लोलक काढून घ्यावा. वरचे लोखंडी बोल्ट गंजून निम्मे झालेले असतात, म्हणून पहिला नट सैल करण्यापूर्वी घंटेचा भार चेनब्लॉकवर आलेला असला पाहिजे.

भिंतीतल्या संगमरवरी स्मृतिशिळा पहारीने उचकटल्या की तुटतात. त्या साधारण इंचभर जाडीच्या असतात, मागे चुना आणि चार बाजूंना लोखंडी किंवा पितळी आकड्या. लोखंड गंजून फुगलेले असेल तर कोपरा आधीच तडकलेला असतो. समोर फळी बांधून आधार द्यावा, मागचा चुना हॅकसॉच्या लांब पात्याने हळूहळू कापत जावे. काढलेली शिळा उभीच धरून न्यावी. आडवी उचलली की स्वतःच्या वजनाने मधोमध मोडते. साफ करायला पाणी आणि मऊ ब्रश पुरे. फरशी धुण्याचे ॲसिड संगमरवर खाते, अक्षरांच्या कडाच जातात. पुसट अक्षर वाचायचे असेल तर अंधारात एका बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून बॅटरीचा उजेड टाकावा.

प्रभुभोजनाचा प्याला, थाळी, बाप्तिस्म्याचे पात्र, उपदेशपीठावरचे मोठे पवित्र शास्त्र, पेटी, बाके या सगळ्यांची यादी फोटोसह करावी आणि प्रत्येक वस्तू कोणाकडे गेली ते तिथेच लिहावे. मोठ्या पवित्र शास्त्राची सुरुवातीची कोरी पाने पाहिल्याशिवाय ते कोणाला देऊ नये, तिथे अर्पण करणाऱ्या घराण्यांची नावे असतात. आपल्या आजोबांनी दिलेले बाक घरी नेण्याची इच्छा समजण्यासारखी आहे. पण ते न्यासाच्या मालमत्तेत धरलेले असते. लेखी ठराव आणि पावती घ्या, नाहीतर दोन चुलतभावांत वाद लागतो आणि बाक पावसात राहते. शक्य असेल तर वस्तू शेजारच्या चालू मंडळीत जाव्यात, कारण वापरात असलेला प्याला जपला जातो.

जमिनीबद्दल थोडक्यात, पण ठाम. मंदिर सार्वजनिक न्यासाचे असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विक्री, अदलाबदल किंवा बक्षीस वैध होत नाही. शेतजमिनीचा दहा वर्षांपेक्षा आणि बिगरशेती जमिनीचा वा इमारतीचा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टाही होत नाही. न्यासाच्या नोंदवहीचा उतारा धर्मादाय कार्यालयातून काढून त्यात आपले मंदिर नेमके कोणत्या न्यासाखाली आहे ते पाहावे. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अनेक पंथांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा अनेक मंडळ्या त्यात आल्या, पण उताऱ्यावर किंवा सातबाऱ्यावर जुन्या मिशनचे नाव राहिलेले असू शकते. विश्वस्त वारले आणि नव्वद दिवसांत बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात, दिला गेला नाही, तर कागदावर मृत माणसेच विश्वस्त राहतात आणि हरकत घ्यायला कोणी उरत नाही. सातबारा, मिळकत पत्रिका आणि त्यावरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल मंदिर चालू असतानाच काढावी.

दफनभूमी मंदिराबरोबर बंद होत नाही, हे मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवायला हवे. अतिक्रमण नेहमी तिथूनच सुरू होते, कारण जुन्या कबरी मातीच्या असतात आणि दोन पावसाळ्यांत सपाट होतात. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्यावेत. कबरींचा नकाशा काढावा: एक कोपरा धरून ओळ आणि क्रमांक, आणि तो क्रमांक दफनाच्या वहीतल्या नोंदीशी जुळवावा. ज्यांच्या कबरीवर दगड नाही त्यांची जागा सांगणारी माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. हे काम पुढच्या वर्षावर टाकता येणारे नाही.

राहिली इमारत. विकायची नाही आणि वापरायचीही नाही, अशा मंदिराला कुलूप लावून सुरक्षित ठेवले असे वाटते, पण दगडी भिंती क्वचित आधी पडतात. आधी एक कौल सरकते. मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचे, वारा आणि माकडे त्याला पुरे होतात. त्या भोकातून पाणी भिंतीवरच्या सागवानी पाटावर जाते, कैचीचे, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लाकडी सांगाड्याचे, भिंतीत रुतलेले टोक कुजते, कैची खचते आणि मग एका रात्रीत अर्धे छप्पर आत येते. दर मे महिन्यात कौले चाळून घेणे आणि पन्हळ साफ करणे एवढ्याने हे टळते. शंभर कौले आत रचून ठेवावीत, त्याच साच्याची नंतर मिळत नाहीत. कौलाच्या मागे कारखान्याचा शिक्का असतो, त्यावरून मंदिराचे वय काढू नये. तो छप्पर कधी शाकारले ते सांगतो, भिंत कधी उभी राहिली ते नाही. कठड्यातला पिंपळ बोटभर असतानाच काढावा. हातभर झाल्यावर ओढला की दगडही बरोबर येतो. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, ओल आत अडकते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. वरच्या झडपा उघड्या ठेवून वटवाघळे आत शिरू नयेत म्हणून त्यांना जाळी मारावी, म्हणजे हवा खेळती राहील.

आणि किल्ल्या. दोन असाव्यात. एक ज्या मंडळीत गाव जोडले गेले तिथे, दुसरी गावातच राहणाऱ्या एका घरी, मग ते घर ख्रिस्ती नसले तरी चालेल. दोन्ही नावे आणि फोन क्रमांक यादीच्या शेवटी लिहून ठेवावेत आणि महिन्यातून एकदा दार उघडून, खिडक्या उघडून, वर छपराकडे बघून यावे.

आपले,
मराठी मंडळ्यांच्या दप्तरांचे व वास्तूंचे काम करणारे काही वाचक,
अहिल्यानगर